एल्सवर्थ पर्वतांचा नकाशा वाचायचा तर

आधी कागद फिरवा. अंटार्क्टिकाच्या बहुतेक नकाशांत दक्षिण ध्रुव मधोमध असतो आणि शून्य रेखावृत्त वर जातं. एल्सवर्थ पर्वत त्यात डाव्या बाजूला सापडतात, आणि तिथे उत्तर असते डावीकडे, कारण ध्रुवावरून कुठेही निघा, तुम्ही उत्तरेलाच जाता. मला हे ठाऊक नव्हतं तेव्हा या पर्वतांच्या दोन रांगांबद्दल 'सेंटिनल रांग हेरिटेज रांगेच्या पश्चिमेला' असं मी वहीत लिहून ठेवलं होतं. ती उत्तरेला आहे. नकाशाला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाव वळसा दिला की उत्तर वर येते आणि रॉनी आइस शेल्फ, म्हणजे समुद्रावर तरंगणारा बर्फाचा जाड थर, उजवीकडे.

आता ट्रेसिंग पेपर ठेवून सगळ्यात आधी मिनेसोटा हिमनदी काढा. सुमारे ३६० किलोमीटर लांबीच्या या पर्वतांचे दोन भाग तीच करते: उत्तरेला सेंटिनल, दक्षिणेला हेरिटेज.

मग नावं. इथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारं कुणी नव्हतं, त्यामुळे प्रत्येक नाव बाहेरून आलेल्या कुणीतरी ठेवलेलं आहे. मी प्रत्येक नामकरणाला वेगळी रंगीत पेन्सिल वापरते. २३ नोव्हेंबर १९३५ रोजी अमेरिकी संशोधक-प्रवासी लिंकन एल्सवर्थ विमानातून जात होता. बर्फाच्या सपाटीवर पहारेकऱ्यासारखी उभी असलेली रांग त्याला दिसली, म्हणून तो तिला सेंटिनल म्हणाला. हे नाव मला सगळ्यांत आवडतं, कारण ते डोंगराकडे बघून सुचलेलं आहे. पुढे सर्वेक्षण झाल्यावर ते उत्तरेकडच्या भागापुरतं उरलं आणि अख्ख्या पर्वतांना एल्सवर्थचं नाव मिळालं. हेरिटेजमध्ये पेट्रियट, लिबर्टी, इंडिपेंडन्स अशा टेकड्या एकामागून एक लागतात. हा अमेरिकी हात लगेच ओळखू येतो. सेंटिनलमध्ये ग्रोमशिन, मॅग्लेनिक अशी नावं दिसली की ती बल्गेरियाची समजा.

सर्वोच्च शिखर विन्सन. कार्ल विन्सन हे अमेरिकी संसदेचे सदस्य, अंटार्क्टिक मोहिमांचे पाठीराखे. जुन्या पुस्तकांत या शिखराची उंची ५१४० मीटर सापडेल, ती उतरवून घेऊ नका. २००४ मध्ये जीपीएसने मोजलेली ४८९२ मीटर घ्या.

एकाच शिखराला दोन देशांनी दोन नावं दिलेलीही आढळतात. तेव्हा 'स्कार' या आंतरराष्ट्रीय समितीच्या नामसूचीत अक्षांश-रेखांश जुळवा आणि दोन्ही नावं त्याच ठिपक्याशी लिहा.