घरात नेट एकच आणि कॉम्प्युटर चार, मग वायर ओढा

दादरला आमचं वन बीएचके, बिल्डिंग जुनी, भिंती नऊ इंची, आणि त्यात बाबांचा डेस्कटॉप, माझा ऑफिसचा लॅपटॉप, वहिनीचा लॅपटॉप, बहिणीचा कॉलेजचा, वर हॉलमधला टीव्ही. रोज संध्याकाळी कोणीतरी आतून ओरडणार, नेट गेलं का रे? मी पण सगळे करतात तेच केलं, १०० एमबीपीएसचा प्लॅन २०० चा करून घेतला, पैसे वाढले आणि बेडरूममध्ये स्पीड होता तिथेच राहिला. तेव्हा कळलं की नेट बाहेरून नीट येतंय, घरात आल्यावर मरतंय.

म्हणून पहिलं काम हे करा. नेटवाल्यांनी फायबरचा जो डबा (राऊटर) लावलाय त्याच्या लॅन पोर्टला (घरातल्या मशीनची वायर लावायची खाच) सरळ वायरने एक लॅपटॉप जोडा, बाकी सगळ्यांचं वायफाय दोन मिनिटं बंद करायला सांगा (घरात भांडण होईल, होऊ दे) आणि स्पीड टेस्ट मारा. तिथे प्लॅनएवढा स्पीड येत असेल तर कस्टमर केअरला फोन करण्यात अर्थ नाही, भानगड आपल्या घरातली आहे. आणि हो, १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० एमबी नाही, ८ ने भागायचं, साडेबारा एमबी. डाउनलोडमध्ये १२ दिसलं म्हणून फसवलं असं समजू नका.

आता डबा कुठे लावलाय ते बघा. आपल्याकडे वायर येते गच्चीवरून, डक्टमधून, आणि लावायला आलेला मुलगा दाराजवळ भोक पाडून चपलांच्या कपाटावर डबा ठोकून मोकळा होतो. आमचा तसाच होता, आणि त्याच्या आणि बेडरूमच्या मध्ये बाबांचं लोखंडी कपाट! वायफायला भिंत जड जातेच पण लोखंडी कपाट म्हणजे विषयच संपला. फायबरची वायर स्वतः हलवायला जाऊ नका, ती आतून काच असते, जास्त दुमडली की गेली. डबा आहे तिथेच राहू द्या आणि तिथून पुढे लॅनची वायर आत न्या.

माझा हिशोब साधा आहे, जे जागचं हलत नाही त्याला वायर, जे हातात फिरतं त्याला वायफाय. डेस्कटॉप, टीव्ही आणि ज्या टेबलावर रोज ऑफिसचं काम चालतं तो लॅपटॉप, हे तीन वायरवर टाकले की फोन आणि बाकीच्यांना वायफाय आपोआप मोकळं होतं.

लॅनच्या वायरचे प्रकार असतात, त्यातली साधी कॅट ५ई घेतली तरी गिगाबिट (१००० एमबीपीएस) चालतं, १०० मीटरपर्यंत, आणि आपल्या घरात १५ मीटर लागली तर डोक्यावरून पाणी. मी कॅट ६ घेतली कारण किंमतीत फार फरक नव्हता. लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जाता येतं, तिथे मागाल तेवढे मीटर कापून देतात, फक्त प्युअर कॉपर मागा, नाहीतर तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर गळ्यात मारतात, ती वाकवली की आतून तुटते. दोन्ही टोकांना प्लग लावून घ्या दुकानातच. पण भिंतीतून भोक बारीक असेल तर प्लग जात नाही, मग घरी क्रिम्प करावं लागतं, म्हणजे खास पक्कडीने प्लग दाबून बसवावा लागतो. रंगांचा क्रम, क्लिप खाली आणि तारांची टोकं आपल्यापासून पुढे धरून डावीकडून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. माझ्या पहिल्या प्लगमध्ये तपकिरी तार नीट आत गेलीच नव्हती, नेट चालू, सगळं व्यवस्थित, फक्त ९५ च्या वर स्पीड जाईना. कारण १०० ला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. विंडोजमध्ये इथरनेटच्या सेटिंगमध्ये लिंक स्पीड दिसतो, तिथे १०००/१००० च्या जागी १००/१०० दिसलं तर आधी प्लग बघा (डबा किंवा कॉम्प्युटर जुना असेल तर त्याचं पोर्टच १०० चं असू शकतं).

डब्याचे पोर्ट संपले तर पाच पोर्टचा गिगाबिट स्विच (एका लॅन वायरवरून अनेक मशीन जोडणारा छोटा डबा) घ्या. त्याला सेटिंग काही नाही, एक वायर डब्यातून, बाकीच्या कॉम्प्युटरला, झालं. फक्त एक सांगतो. एकदा बाबा साफसफाई करत होते, टेबलामागे वायरचं एक टोक लोंबताना दिसलं, स्विचमध्ये एक पोर्ट रिकामा दिसला, त्यांनी बिचाऱ्यांनी नीटनेटकं करून टाकलं. त्या वायरचं दुसरं टोक त्याच स्विचमध्ये होतं! सगळे दिवे एकदम वेड्यासारखे फडफडायला लागले आणि घरभर नेट ठप्प, आणि मी पाऊण तास कस्टमर केअरवर गाणं ऐकत बसलो. डेटा गोल गोल फिरत राहतो आणि साधा स्विच त्यात गुदमरतो. आता प्रत्येक वायरला चिकटपट्टीवर नाव लिहिलंय.

बेडरूममध्ये वायफाय हवंच असेल तर माळ्यावर पडलेला जुना राऊटर काढा. इथे सगळे चुकतात, वायर त्याच्या वॅन पोर्टला (बाहेरचं नेट आत घ्यायची खाच) लावतात, मग घरात दोन राऊटर दोन वेगळी नेटवर्कं करून बसतात, हॉलचा प्रिंटर बेडरूममधून सापडत नाही. करायचं असं: आधी जुना राऊटर एकटाच लॅपटॉपला जोडा, ब्राउझरमधून त्याची सेटिंग उघडा, त्याचा अॅड्रेस मुख्य डब्यापेक्षा वेगळा करा, म्हणजे डबा १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२, सेव्ह करून नवीन अॅड्रेसवर परत लॉगिन करा, मग डीएचसीपी (मशीनना आपोआप अॅड्रेस वाटायची सोय) बंद. अॅड्रेस वाटायचं काम घरात एकानेच करायचं. मग डब्याकडून आलेली वायर त्याच्या लॅन पोर्टला लावा, वॅन रिकामा. नव्या राऊटरला अॅक्सेस पॉइंट मोड असतो, तो दाबला की हे सगळं तोच करतो. वायफायचं नाव, पासवर्ड दोन्हीकडे सारखं ठेवा, फोन आपला आपण बदलतो.

आमच्या खिडकीत शेजाऱ्यांची पंचवीसेक वायफाय दिसतात, त्यामुळे वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडवर १, ६, ११ यातलं त्यातल्या त्यात रिकामं चॅनल बघा, आणि एकाच खोलीत असाल तर ५ गिगाहर्ट्झच वापरा, भिंतीपलीकडे ते दमतं पण वेगवान आहे.

राऊटरच नाही, एकाच कॉम्प्युटरला डोंगल आहे? विंडोजचं मोबाइल हॉटस्पॉट चालू करा, चालतं, पण तो कॉम्प्युटर बंद केला की सगळ्यांचं बंद. पूर्वी केबलवाले एकाच मशीनला कनेक्शन बांधून द्यायचे, लॅन कार्ड बदललं तरी फोन करायला लागायचा, तेव्हा हाच जुगाड होता.

पासवर्ड मात्र ठेवाच. २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांआधीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेला होता, पोलीस त्या घरी पोचले. राऊटरच्या सेटिंगचं आधीपासूनचं अॅडमिन-अॅडमिन लॉगिन पण बदला.

एवढं करूनही मीटिंगमध्ये आवाज तुटत असेल तर कोणाचा फोन फोटोंचा बॅकअप घेतोय का बघा, अपलोड भरलं की सगळंच अडकतं. आणि लाइट गेल्यावर नेट हवं असेल तर छोटा यूपीएस मिळतो, डबा, स्विच, राऊटर तिन्ही त्यावर लागतील असा घ्या, पण आधी प्रत्येकाच्या अॅडॅप्टरवर व्होल्ट वाचा, आमचा डबा १२ चा आणि जुना राऊटर ९ चा निघाला.