सामुदायिक बागेतील सेवेची कामे सभासदांमध्ये कशी वाटावीत

गृहनिर्माण संस्थेच्या आवारात काही कुटुंबे मिळून बाग करतात, तेव्हा प्रत्येकाला आपापला वाफा मिळतो आणि त्याची निगा तो मनापासून राखतो. अडचण येते ती वाफ्यांच्या मधल्या जागेची. पायवाटेवरचे तण, खताचा हौद, पाण्याची टाकी, अवजारांची खोली, कुंपण यांपैकी एकही गोष्ट कोणा एकाची नसते, आणि बाग मोडकळीला येते ती बहुतेक वेळा तिथूनच. म्हणून वाफ्याबरोबर सामाईक कामाचा वाटाही प्रत्येक सभासदाने उचलला पाहिजे. अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरात १९७३ पासून चालत आलेल्या ‘पी-पॅच’ नावाच्या सामुदायिक बागांमध्ये वाफाधारकाने वर्षाला किमान ८ तास असे काम करावे, असा नियम आहे. आपल्याकडे मात्र तासांपेक्षा कामाची जबाबदारी नेमून देणे अधिक योग्य ठरेल, असे मला वाटते; कारण मे महिन्यात रोज सकाळी दिलेले पंधरा मिनिटांचे पाणी आणि श्रावणातल्या एखाद्या रविवारी एकत्र जमून केलेले काम यांची किंमत घड्याळावर सारखी धरता येत नाही.

पहिल्यांदा दोन-तीन सभासदांनी वही घेऊन संपूर्ण बाग फिरावी आणि दिसेल ते प्रत्येक सामाईक काम लिहून काढावे. रोजची, आठवड्याची आणि हंगामाची कामे वेगळ्या पानांवर घ्यावीत. काम लिहिताना ते पूर्ण झाले असे केव्हा समजायचे, हेही त्यातच यावे. ‘अवजारे नीट ठेवणे’ एवढे लिहून भागत नाही. ‘रविवारी संध्याकाळी खुरपी, विळे, कुदळी आणि घमेली मोजून, माती धुऊन, कोरडी करून खोलीत लावणे व काही कमी आढळल्यास वहीत नोंद करणे’ असे लिहिले, की नवीन सभासदालाही कोणाला न विचारता ते करता येते.

त्यानंतर सभासदांची बैठक घेऊन कामे वाटावीत. वाटप करण्याआधी प्रत्येकाला काय जमेल आणि काय आवडेल ते विचारावे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्याकडे रोपवाटिका, बियाण्यांचे डबे किंवा नोंदवही द्यावी. नोकरदारांना रविवारची कामे सोयीची पडतात. प्रत्येक कामापुढे एका सभासदाचे नाव मुख्य म्हणून आणि दुसऱ्याचे जोडीदार म्हणून असावे. ‘सर्वांनी मिळून करावे’ असे लिहिलेले काम कोणीच करत नाही. संस्थेने माळी नेमलेला असल्यास त्याच्याकडे कोणती कामे आहेत हेही यादीत स्पष्ट लिहावे, नाहीतर सभासदांची राहिलेली सगळी कामे हळूहळू त्याच्याच अंगावर पडतात, आणि हे त्याच्यावर अन्यायाचे आहे.

सर्वांत जास्त लक्ष द्यावे ते खताच्या हौदाकडे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याच्या आधारावर बाग उभी केली, ती या कामातील सातत्यामुळे. हौदाची पाळी एका आठवड्याची ठेवावी. पाळी असलेल्याने रोज आलेल्या ओल्या कचऱ्यावर, वजनाने नव्हे तर मापाने, त्याच्या निदान दीडपट ते दुप्पट वाळका पालापाचोळा पसरावा. मासे-मटणाचे अवशेष, तेलकट आणि खारट शिजवलेले अन्न हौदात टाकू देऊ नये. आठवड्यातून एकदा फावड्याने थर खालीवर करावा आणि मूठभर मिश्रण दाबून पाहावे: हाताला ओल लागावी, एखाद-दुसरा थेंब यावा, पण धार निघू नये. दुर्गंधी आली तर पाणी जास्त आणि हवा कमी झाली असे समजून पाला वाढवावा व ढीग पुन्हा हलवावा. मिश्रण कोरडे आणि थंड पडले असेल तर थोडे पाणी किंवा पातळ ताक शिंपडावे. हौदातल्या मोठ्या करड्या-तपकिरी अळ्या पाहून काही सभासद घाबरतात आणि औषध मारायला निघतात. त्या बहुधा कचरा खाऊन संपवणाऱ्या, ‘ब्लॅक सोल्जर फ्लाय’ या माशीच्या अळ्या असतात आणि त्यांच्यापासून अपाय नाही, हे बैठकीतच सांगून ठेवावे. पालापाचोळा साठवण्याचे काम मात्र स्वतंत्रपणे कोणाकडे तरी द्यावे, कारण पानगळीत जाळला किंवा फेकला जाणारा हा पाला गोण्यांमध्ये भरून ठेवला नाही, तर पावसाळ्यात हौदासाठी काहीच कोरडे हाती राहत नाही.

पाण्याच्या कामाला दोन बाजू आहेत. उघडी पिंपे, झाऱ्या आणि कुंड्यांखालच्या बशा आठवड्यातून एक दिवस पूर्ण रिकाम्या करून घासून कोरड्या कराव्यात. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंड्यापासून पूर्ण वाढ साधारण आठवड्या-दहा दिवसांत होते, त्यामुळे हा कोरडा दिवस चुकवू नये. दुसरी बाजू उन्हाळ्याची. शाळांना सुट्ट्या लागल्या की अर्धी कुटुंबे गावी जातात आणि नेमक्या त्याच दिवसांत वाफ्यांना सर्वाधिक पाणी लागते. यासाठी मार्चअखेरीस सर्वांकडून बाहेरगावी जाण्याच्या तारखा लिहून घ्याव्यात आणि एप्रिल-मेचे पाण्याचे वेळापत्रक त्यांवरूनच बसवावे. गावी जाणाऱ्याने निघण्यापूर्वी आपल्या वाफ्यावर चार बोटे जाडीचे पाचोळ्याचे आच्छादन घालावे, म्हणजे मागे राहिलेल्यांवरचा भार हलका होतो. पाणी सकाळी लवकर द्यावे, आणि देण्याआधी बोट दोन पेरे मातीत घालून ओल पाहावी. वरची माती कोरडी दिसते म्हणून रोज पाणी ओतल्यानेही मुळे कुजतात.

हंगामी कामांसाठी वर्षातून तीन-चार सामुदायिक रविवार पुरेसे असतात. पावसाच्या तोंडावर चर मोकळे करणे आणि पिकलेल्या निंबोळ्या गोळा करून सावलीत वाळवणे, पावसाळ्यात तण काढणे, ऑक्टोबरच्या सुमारास मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा यांच्यासाठी सामाईक वाफे तयार करणे ही कामे एकट्याने कंटाळवाणी होतात. वाळवलेल्या निंबोळ्यांची भरड लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम या प्रमाणात रात्रभर भिजवून, गाळून, रोपांवर मावा ही रस शोषणारी कीड दिसताच ते पाणी संध्याकाळी फवारावे. फवारणीची पाळीही यादीत असावी.

आजारपण, बाळंतपण, बदली किंवा घरातले आजारी माणूस अशा कारणांसाठी सूट मागणाऱ्या सभासदाकडे पुरावा मागू नये. इतर वेळी पाळी जमत नसेल तर ती दुसऱ्याशी बदलून घेण्याची जबाबदारी त्या सभासदाचीच राहील आणि बदल वहीत लिहिला जाईल, असा नियम करावा. सेवेऐवजी पैसे घेण्याची सोय मी सुचवणार नाही. ती सुरू झाली की बागेत येणारे आणि वर्गणी देणारे असे दोन गट पडतात. कोणी सलग पाळ्या चुकवल्या तर आधी दोघांनी प्रत्यक्ष भेटून अडचण विचारावी, सूचनाफलकावर नाव लावू नये. त्यानंतरही हंगामभर काहीच बदल झाला नाही, तरच लेखी कळवून तो वाफा प्रतीक्षायादीतील कुटुंबाला द्यावा. ही तरतूद वाफा देतानाच्या अर्जावर स्पष्ट छापलेली असावी.

वहीचे शेवटचे काम मे महिन्यात असते. जूनपासून नव्या सभासदांना वाफे मिळण्यापूर्वी प्रत्येक मुख्य जबाबदाराने आपल्या कामात काय अडले, कोणते सामान संपले आणि कोणते काम यादीतून गळून गेले होते, हे अर्ध्या पानात लिहावे व नव्या जोडीदाराला निदान एका पाळीत बरोबर घेऊन ते प्रत्यक्ष दाखवावे.