मोजक्या पैशांत कॅमेरा सिस्टीम निवडताना

माझ्याकडे येणाऱ्या नवख्या मुलामुलींचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो: "ताई, कॅनन घेऊ, निकॉन घेऊ की सोनी?" मी ठाण्यात राहते. लग्नं, मुंजी, नाच-गाण्याचे कार्यक्रम यांचे फोटो काढणं हा माझा व्यवसाय, आणि मोकळा दिवस मिळाला की ऐरोली-नेरूळच्या खाडीकाठी पक्षी टिपायला जाते. त्यामुळे उत्तराआधी मी दोन गोष्टी विचारते. तुला कशाचे फोटो काढायचेत? आणि त्यासाठी लागणारी लेन्स तुला कुठून मिळणार आहे? हे कळलं की बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, ठरवायला फार वेळ लागत नाही. चाळीस-पन्नास हजारांत सगळं बसवायचं असेल तर याच क्रमाने जावं, असं माझं ठाम मत आहे.

बॉडी जुनी होते आणि तिचा भाव भराभर उतरतो. चांगली लेन्स मात्र दोन-तीन बॉड्या बदलल्या तरी हातात राहते. पण ती कोणत्या बॉडीवर बसेल हे माउंट, म्हणजे लेन्स अडकवायची खोबण, ठरवतं. निकॉनचं एफ माउंट १९५९ सालचं, कॅननचं ईएफ १९८७ सालचं. सोनीचं ई माउंट २०१० मध्ये आलं, आणि कॅननचं आरएफ व निकॉनचं झेड ही दोन्ही मिररलेस (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांची) माउंट २०१८ मध्ये. कंपन्यांचं सगळं लक्ष आता मिररलेसकडे आहे, म्हणून डीएसएलआर (आत आरसा असलेला जुना प्रकार) घेणं म्हणजे पैसे पाण्यात, असं सांगणारे खूप भेटतील. मला ते पटत नाही. लोक डीएसएलआर विकून मिररलेसकडे जातात तेव्हा त्यांच्या ईएफ आणि एफ माउंटच्या लेन्स बाजारात येतात. मोजके पैसे असणाऱ्याला याहून चांगली संधी नाही.

शिवाय ईएफ लेन्सचा रस्ता पुढे बंद होत नाही. कॅननचा अडॅप्टर, म्हणजे दोन माउंटमधली जोडकडी, लावला की ती आरएफ बॉडीवर ऑटोफोकससकट चालते. उलट अनुभव ईएफ-एम माउंटचा. २०१२ मध्ये आलेली ही मालिका कॅननने पुढे बंद केली. एम ५० सारखे कॅमेरे वापरलेल्या बाजारात अजून दिसतात, फोटो सुंदर येतात, आकार आटोपशीर. पण त्या माउंटच्या लेन्स आरएफ बॉडीवर बसतच नाहीत. ईएफ-एममध्ये माउंटपासून सेन्सरचं अंतर १८ मिमी, आरएफमध्ये २० मिमी. मधे अडॅप्टर घालायला जागाच उरत नाही. ईएफचं अंतर ४४ मिमी, म्हणून तिथे अडॅप्टर आरामात मावतो. फक्त घरगुती आणि प्रवासाचे फोटो काढायचे असतील, पुढे काही वाढवायचं नसेल, तर एम ५० खुशाल घ्या. व्यवसायाचा विचार असेल तर घेऊ नका.

आता काय टिपायचं ते. समजा तुम्हाला रंगमंचाचे फोटो काढायचेत. ठाण्यात गडकरी रंगायतन, घाणेकर नाट्यगृह, वाशीला भावे नाट्यगृह, शिवाय नृत्याच्या क्लासेसचे वार्षिक कार्यक्रम. या कामाला तोटा नाही. तिथे फ्लॅश चालत नाही आणि नर्तकी एका जागी थांबत नाही, म्हणजे शटर सेकंदाच्या १/२५० च्या आसपास ठेवावं लागतं. बॉडीसोबत येणारी १८-५५ ची किट लेन्स झूम केल्यावर एफ/५.६ वर येते. एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त. एफ/१.८ ची साधी ५० मिमी लेन्स तिच्यापेक्षा जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. जिथे किट लेन्सला आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता; वाढवली की फोटोत दाणे येतात) ६४०० लागतो, तिथे हिचं ६४० वर भागतं. हा फरक कोणतीही महागडी बॉडी भरून काढत नाही. आणि अशी ५० मिमी लेन्स हा कॅनन-निकॉनच्या दुनियेतला सगळ्यात स्वस्त सौदा आहे. स्वस्त कॅमेऱ्यांतल्या छोट्या सेन्सरवर तिचा कोन फुल फ्रेमवरच्या (फिल्मच्या चौकटीएवढ्या मोठ्या सेन्सरवरच्या) ७५-८० मिमी लेन्सइतका येतो. चौथ्या-पाचव्या रांगेतून एका कलाकाराची पूर्ण मुद्रा नीट मिळते.

पक्ष्यांचं गणित वेगळं. फ्लेमिंगोंसाठी सहाशे मिमीची लेन्स हवीच, हे ऐकून कितीतरी मुलं सुरुवातीलाच नाउमेद होतात. कॅननची ५५-२५० एसटीएम ही झूम लेन्स घ्या. वजनाला हलकी, वापरलेली सहज मिळते, आणि कॅननच्या छोट्या सेन्सरवर ती ४०० मिमीसारखी वागते. उरलेलं काम खाडीवर सोडा. भरती आली की खाडीतला चिखल पाण्याखाली जातो आणि पक्षी आतल्या पाणथळीकडे सरकतात. नेरूळला टी. एस. चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेच्या मागे उभं राहायचं ते भरतीची वेळ पाहूनच. ओहोटीला तिथे गेलात तर महागडी लेन्सही कमी पडेल. ऐरोलीच्या बोटीच्या फेऱ्याही भरती-ओहोटीवरच ठरतात. शेकाट्या, तुतवार, खंड्या हे तर बरेचदा काठाजवळच असतात. कर्नाळ्याच्या दाट झाडीतल्या तिबोटी खंड्याला मात्र ही लेन्स अंधारात पुरी पडणार नाही, तेवढं लक्षात ठेवा.

पाडव्याची शोभायात्रा, दहीहंडी, तलावपाळीवरची संध्याकाळ यांना किट लेन्स पुरते. त्यासाठी जास्त पैसे घालू नका.

व्हिडिओ हेच मुख्य काम असेल तर मी वेगळं सांगते. निकॉनच्या स्वस्त डीएसएलआरमध्ये व्हिडिओ घेताना फोकस चाचपडतो. कॅननच्या २०० डी किंवा ८० डी मध्ये ड्युअल पिक्सेल ऑटोफोकस असल्याने चेहरा छान धरला जातो. बजेट थोडं ताणता आलं तर वापरलेला सोनी ए ६४०० पाहा. सोनीचं ई माउंट इतर कंपन्यांना बरीच वर्षं खुलं असल्यामुळे सिग्मा-टॅमरॉनच्या परवडणाऱ्या लेन्स तिथे भरपूर आहेत, आणि छोट्या सेन्सरवरून फुल फ्रेमकडे गेलात तरी माउंट तेच राहतं. मिररलेसमध्ये बॅटरीचा खर्च आधीच धरा. निकॉनच्या डी ५६०० ची बॅटरी कंपनीच्या मोजमापाप्रमाणे ९७० फोटो चालते. छोट्या मिररलेसची त्याच्या निम्म्याइतकीही बऱ्याचदा चालत नाही. हळद, लग्न आणि रिसेप्शन एकाच दिवशी असेल तर तीन बॅटऱ्या लागतात.

आता ज्या मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त भर देते तो. तुमच्या आसपासच्या लोकांकडे कोणती सिस्टीम आहे? कळव्याच्या एका मुलीचं मन एका देखण्या मिररलेसवर जडलं होतं. रंग सुरेख, दिसायलाही गोड. मी विचारलं, "घरात कोणाकडे कॅमेरा आहे का गं?" तर तिच्या मामाकडे निकॉनच्या फिल्मच्या जमान्यातल्या लेन्स होत्या, ५० मिमी एफ/१.८ आणि एक ८५. ती ज्या ग्रुपबरोबर असिस्टंट म्हणून जायची तोही निकॉनवालाच. मग प्रश्न उरला बॉडीचा. डी ३५०० आणि डी ५६०० मध्ये फोकसची मोटर नाही. मामाच्या त्या एएफ-डी (स्वतःची मोटर नसलेल्या) लेन्स त्यांवर बसतात, पण फोकस हाताने करावा लागतो. डी ७२०० मध्ये मोटर आहे. तिने वापरलेली डी ७२०० घेतली. बॉडी जरा जड, पण दोन उत्तम लेन्स फुकट मिळाल्या, आणि ग्रुपमधल्या दादांनी ७०-२०० ची झूम लेन्स अधूनमधून वापरायला दिली. हाच पैसा तिने नव्या सिस्टीममध्ये घातला असता तर हातात फक्त किट लेन्स राहिली असती. एक खाचखळगा तिला तेव्हाच सांगितला होता: निकॉनच्या झेड बॉडीवर अडॅप्टर लावून या एएफ-डी लेन्स आपोआप फोकस करतीलच असं धरून चालू नको. एएफ-एस लेन्समध्ये मोटर आतच असते, त्यांना ती अडचण येत नाही.

लग्नाच्या टीममध्ये शिरायचं असेल तर ही गोष्ट आणखी महत्त्वाची ठरते. मुख्य फोटोग्राफरचं माउंट आणि तुमचं माउंट एक असेल तर ऐन वेळी लेन्स, बॅटरी, फ्लॅश एकमेकांना देता येतात आणि एडिटिंगला बसणाऱ्याला दोन कॅमेऱ्यांचे रंग जुळवत बसावं लागत नाही. म्हणून ज्यांच्याबरोबर काम करायची इच्छा आहे त्यांना आधी फोन करा. "दादा, तुम्ही कोणती सिस्टीम वापरता?" एवढं विचारायला संकोच नको.

वापरलेलं सामान घ्यायला फोर्टमध्ये बोरा बाजारच्या बाजूला जा. सीएसएमटीला उतरलं की चालत जाता येतं. कामाच्या दिवशी, उजेड असताना जा. ऑनलाइन जाहिरातीवरून घेत असाल तर विकणाऱ्याला एखाद्या गजबजलेल्या जागी भेटा, स्वतःचं मेमरी कार्ड घेऊन जा, पन्नासेक फोटो काढा. शटर काउंट, म्हणजे कॅमेऱ्याने आजवर किती फोटो काढले तो आकडा, बघा. डी ७२०० चं शटर दीड लाखांच्या हिशेबाने बनवलेलं आहे. त्यातले तीस-चाळीस हजार झाले असतील तर घाबरायचं कारण नाही. मूळ बिल आणि बॉक्स मागाच. बिल नसेल आणि भाव फारच कमी असेल तर सौदा सोडून द्या.

आपल्याकडे लेन्स घेताना सगळ्यात जास्त जपायचं ते बुरशीपासून. खाडीकाठची हवा दमट, पावसाळ्यात तर भिंतीही ओल्या लागतात. लेन्सचं छिद्र पूर्ण उघडा, मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि तिरकं पाहा. धुळीचे दोनचार कण असतील तर ते सोडून द्या, फोटोत दिसत नाहीत. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू किंवा कडेला धुरकट डाग दिसले तर ती लेन्स कितीही स्वस्त असली तरी नको. बुरशी काचेवरचा थर खाते, आणि साफ करून घेतली तरी तिचा व्रण राहू शकतो. घरी आणलेली लेन्स चामड्याच्या पाकिटात किंवा कपड्यांच्या कपाटात ठेवू नका. हवाबंद झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर एवढं पुरतं. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मधे ठेवायचा. जेल ओलं झालं की बदलायचं. ड्राय कॅबिनेट (आर्द्रता आपोआप राखणारं कपाट) पुढे, कमाई सुरू झाल्यावर.

पैशांची वाटणी मी साधारण अशी सुचवते: निम्मे किंवा त्याहून कमी बॉडीला, त्याखालोखाल मोठा हिस्सा तुमच्या विषयाच्या लेन्सला, आणि उरलेल्यात एक जादा बॅटरी, ओळखीच्या दुकानातून बिलासकट घेतलेली दोन कार्डं, तो डबा आणि सिलिका जेल. पुढे फुल फ्रेमवर जायचं मनात असेल तर कॅननच्या ईएफ-एस (छोट्या सेन्सरसाठी बनवलेल्या) लेन्सवर फार खर्च करू नका, त्या फुल फ्रेम डीएसएलआरवर बसत नाहीत. ५० मिमी ही ईएफ आहे, ती बसते.

आणि सौदा पक्का करण्याआधी तीच बॉडी आणि तीच लेन्स एका दिवसासाठी भाड्याने घ्या. डिपॉझिट आणि ओळखपत्र लागेल, भाडं थोडं जाईल, पण ज्या कामासाठी घेताय त्याच कामाला ती न्या. नाचाची तालीम असेल तर तालमीला, पक्षी असतील तर भरतीच्या वेळी नेरूळला. ठाणे-पनवेल लोकलच्या गर्दीत बॅग खांद्यावर घेऊन उभे राहा. रात्री फोटो मोठ्या स्क्रीनवर उघडा, फोकस कुठे सुटला ते पाहा आणि दुसऱ्या दिवशी विकणाऱ्याला फोन करा.