आरपी (डोळ्याच्या पडद्याचा आजार) निघालाय? चार्टवर जाऊ नका, फील्ड टेस्ट करा

संध्याकाळी तलावपाळीला फिरताना रोज कोणाला तरी धडकताय, घरचे म्हणतात बघून चाल ना जरा, आणि चष्म्याच्या दुकानात मात्र खालची ओळ पण धडाधड वाचताय, तर नुसता नंबर काढून घरी येऊ नका. माझी चार वर्षं अशीच गेली, फ्रेमी तेवढ्या बदलल्या. रेटिनाच्या डॉक्टरकडे जा आणि सरळ सांगा, अंधारात दिसत नाही, बाजूचं दिसत नाही. ते थेंब घालून पडदा बघतात, मग फील्ड टेस्ट (बाजूचं किती दिसतं ते), ओसीटी (पडद्याचा स्कॅन), ईआरजी (पडदा प्रकाशाला कसा प्रतिसाद देतो ते). थेंबांनी काही तास भुरकट दिसतं, सोबत कोणीतरी न्या, बाइक तर नकोच.

आरपी म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा. यात पडद्यातल्या रॉड पेशी आधी मरतात, अंधारातलं आणि कडेचं बघायचं काम त्यांचं, मधलं बरीच वर्षं शाबूत राहतं, म्हणून नळीतून बघितल्यासारखं होतं आणि लोकांना वाटतं हा नाटक करतोय, मोबाइल तर वाचतोय की!

घरात विचारा, आजोबा, मामा, कोणाला रातांधळेपणा होता का. कोणालाच नसला तरी होऊ शकतो, आईबाबा दोघंही कधी कधी नुसते वाहक असतात, म्हणजे जीनमध्ये दोष असतो पण त्यांना स्वतःला त्रास नसतो. नात्यात लग्न झालं असेल तर तेही सांगा, लाजायचं काय त्यात. जमलं तर जीन टेस्ट करा, कारण 2017 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली जीन थेरपी फक्त आरपीई65 नावाच्या जीनमध्ये दोष असलेल्यांसाठी आहे, सरसकट नाही.

यूडीआयडी कार्डाला (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) जाताना फील्डचा रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर लावा. मला पहिल्यांदा चार्ट वाचायला लावून परत पाठवलेलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्पष्ट आहे, फील्ड 40 अंशांपेक्षा कमी म्हणजे अल्पदृष्टी, 10 पेक्षा कमी म्हणजे अंधत्व.

पांढरी काठी आणि फोनमधला टॉकबॅक (स्क्रीनवरचं बोलून दाखवतो तो) आत्ताच शिका, दिसतंय तोवर सोपं जातं. मी काठी दोन वर्षं बॅगेत लपवून फिरलो, शेवटी स्टेशनच्या जिन्यावर आपटलो तेव्हा बाहेर काढली.

आणि कोणी सांगितलं म्हणून व्हिटॅमिन एच्या गोळ्या खाऊ नका, जास्त झालं की लिव्हरला त्रास, आणि स्टारगार्टसारख्या पडद्याच्या दुसऱ्या आजारात तर नुकसानच. वर्षातून एकदा तपासणी मात्र चुकवू नका, आरपीत मोतीबिंदू लवकर होतो, पडद्याला सूज येते, आणि या दोन्हींवर उपचार आहेत.