फौजी बापाच्या आठवणी लिहायच्यात? आधी सुट्टीचं विचारा

आण्णा, म्हणजे आमचे वडील, गेले तेव्हा दहाव्याच्या आधीच पोरांनी चौकात फ्लेक्स लावला. वर्दीतला फोटो, मागं तिरंगा, 'माजी सैनिक', भावपूर्ण श्रद्धांजली आणि खाली वीसेक भाचे-पुतण्यांची तोंडं. माणूस कसा होता ते कुणाला काय कळणार त्यातनं? म्हणून वर्षश्राद्धाला चाळीस पानांची पुस्तिका केली, झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल मारून, आणि ती करताना जे जे उमगलं ते इथं टाकतोय. आमचा सातारा जिल्हा, घरटी एक फौजी, त्यामुळं बऱ्याच जणांच्या माळ्यावर एखादी ट्रंक असणारच.

माझी पहिली चूक तुम्ही करू नका. आण्णा होते तेव्हा मोबाईल रेकॉर्डिंगला लावून समोर बसलो, म्हटलं एकाहत्तरची लढाई सांगा. "काय सांगायचं, लढाई होती." संपलं! मग काही महिन्यांनी सहज विचारलं, सुट्टीवर कसं यायचा हो? दीड तास बोलले. सालाना सुट्टी दोन महिन्यांची, त्यातले दिवस रेल्वेतच जायचे, होल्डॉल, काळी ट्रंक, पहाटे फाट्यावर एसटीतनं उतरून अंधारात चालत घर, वाटेत कुत्री अंगावर, आणि दारात धाकटी पोरगी आईच्या पदराआड लपून विचारतेय, "ह्यो कोण माणूस आलाय?" हे सांगताना थांबले जरा. आणि त्याच ओघात लढाई पण आली, कारण एका सुट्टीत बाराव्या दिवशी तार आली होती, परत हजर व्हा म्हणून. म्हणजे लढाईचा दरवाजा सुट्टीतनं उघडतो, समोरनं ठोठावलं तर उघडत नाही.

तारखा आठवत नसतील तर आईकडं जा. आम्ही तिघा भावंडांच्या जन्मतारखा घेतल्या, नऊ-दहा महिने मागं गेलो, सुट्ट्या सापडल्या. आई लाजली पण हिशोब बरोबर निघाला.

आता ट्रंक उघडा. डिस्चार्ज बुक आधी शोधा, भरतीची तारीख, ट्रेड, मेडलं, शेरा, सगळं त्यात असतं, पीपीओ, म्हणजे पेन्शनचा हुकूम, तो पण जपून ठेवा. मेडलं मात्र ब्रासोनं घासू नका, कारण बहुतेक मेडलांच्या कडेला नंबर, रँक आणि नाव कोरलेलं असतं, ते झिजतं. मेडल वाचता आलं पाहिजे. १९६५ चं असेल तर समर सेवा स्टार म्हणजे प्रत्यक्ष लढाईच्या भागात होते, नुसतं रक्षा मेडल असेल तर त्या काळात नोकरीत होते एवढंच. १९७१ चं पूर्वी स्टार म्हणजे बांगलादेशाची बाजू, पश्चिमी स्टार म्हणजे पाकिस्तान सीमेची, आणि संग्राम मेडल त्या काळात नोकरीत असलेल्या सगळ्यांनाच. सैन्य सेवा मेडलाच्या रिबनवर पट्टी असते, तिच्यावर भागाचं नाव, 'हिमालय' वगैरे. आमच्याकडं गंमत झाली, सगळं गाव म्हणायचं आण्णा बांगलादेशला लढले, आणि ट्रंकेत निघाला पश्चिमी स्टार! आण्णांनी गावाला कधी दुरुस्त केलं नाही. मी पुस्तिकेत दोन्ही लिहिलं.

पत्रांवर गावाचं नाव मिळणार नाही, 'द्वारा ५६ एपीओ' एवढंच, म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस. मग मजकुरातनं अंदाज बांधायचा, थंडीचे मोजे मागितलेत का, सफरचंदं खाल्ली लिहिलंय का, आणि तारीख डिस्चार्ज बुकाशी लावून बघायची. पत्रं लॅमिनेट करू नका, खिडकीपाशी उजेडात फ्लॅश बंद करून फोटो काढा. मनीऑर्डरीचं खालचं कुपन आईनं ठेवलं असेल तर सोनंच समजा. आमच्या एकावर दोनच ओळी आहेत: "पोरीच्या वह्यांचे ५ रु. वेगळे ठेव. बैलाला पेंड घे." अख्ख्या पत्रापेक्षा ह्यात माणूस जास्त दिसतो, माझं तरी असं मत आहे.

कागदच नसतील तर रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा, नंबर, रँक, नाव आणि वारसाचा पुरावा जोडून. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे इंजिनिअरचं खडकीला. अर्ज कसा लिहायचा ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. लग्न झालं, मूल झालं की पलटणीत पार्ट टू ऑर्डर निघते, म्हणजे संसाराची पण सरकारी नोंद असते. तेवढ्यात आईच्या नावाचं स्पेलिंग बघून घ्या! आमच्या आईचं माहेरचंच नाव राहिलं होतं आणि फॅमिली पेन्शनला आठ महिने हेलपाटे पडले, कुठं ते जाऊ दे.

पलटणीतले जोडीदार हयात असतील तर लगेच फोन करा, उद्यावर टाकू नका. आण्णा लंगरमध्ये, म्हणजे पलटणीच्या जेवणघरात, भाकरीसाठी भांडायचे हे आम्हाला असंच कळलं.

आणि पेन्शनीत आल्यानंतरचं सोडू नका, ते लोक हमखास सोडतात. आण्णा भरती झाले १९६३ ला, चीनच्या लढाईनंतर, आणि घरी आले ते छत्तिसाव्या वर्षी. पुढची बावीस वर्षं साखर कारखान्यावर वॉचमन. नाईट करून यायचे आणि तशीच आमची शाळेची तयारी, बुटाला पॉलिश, ड्रेसला इस्त्रीची कडक घडी, ताईच्या दोन वेण्या पण तेच घालायचे, इतक्या घट्ट की तिचं डोकं दुखायचं. फौजेतल्या सतरा वर्षांत राहिलेलं बापपण एकदमच वसूल करत होते बहुतेक. ओरडायचे पण फार. तेही लिहिलं, आईला विचारून. रमचं तिनं काढायला लावलं.

छापायच्या आधी घरात मोठ्यानं वाचून दाखवा. मी नंतर वाचली. आई शेवटपर्यंत गप्प ऐकत होती, मग म्हणाली, "ट्रंक काळी नव्हती, हिरवी होती. काळा रंग मी दिला, गंजली म्हणून." दुसऱ्या प्रिंटला हिरवी केली.