नवीन फिलामेंट सुकवताना या चुका टाळा

गेल्या जुलैत थ्रीडी प्रिंटरला फिलामेंटचं, म्हणजे वितळवून वस्तू छापायच्या प्लास्टिकच्या तारेचं, नवंकोरं स्पूल (रीळ) लावलं. प्लास्टिक होतं पीईटीजी. पहिल्याच प्रिंटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक तारा सुटल्या. नॉझल (वितळलेलं प्लास्टिक जिथून बाहेर पडतं ते तोंड) बदललं, रिट्रॅक्शन (तार मागे ओढून घेण्याचं प्रमाण) कमी-जास्त केलं, तापमान पाच-पाच अंशांनी उतरवून पाहिलं. तीन संध्याकाळी त्यातच गेल्या. शेवटी स्पूल ६५ अंशांवर सहा तास सुकवलं, सेटिंग जुन्याच ठेवल्या, आणि तारा जवळजवळ गेल्या.

पाकीट हवाबंद, आत सिलिका जेलची पुडी, मग ओल आली कुठून? कारखान्यात साच्यातून निघालेली गरम तार बहुधा पाण्याच्या टाकीतून नेऊन थंड करतात. ती पुरती न सुकवता गुंडाळली, तर ओल पाकिटातच बंद होते. म्हणून पाकीट हवाबंद आहे एवढ्यावरून फिलामेंट कोरडं धरू नका. प्रिंट चालू असताना नॉझलपाशी कान द्या. चटचट आवाज येत असेल, तर आतल्या पाण्याची वाफ होते आहे.

सुकवताना सगळ्यात जास्त नुकसान तापमानाच्या चुकीने होतं. पीएलए हे प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, त्यामुळे ४५ ते ५० अंशांवर चार-सहा तास पुरे. घाईने आच वाढवली की वेढे एकमेकांना चिकटतात आणि अख्खं स्पूल वाया जातं. पीईटीजीला ६० ते ६५, रबरासारख्या लवचिक टीपीयूला ५० ते ५५ अंश. नायलॉन पाणी फार पितं. त्याला ७० ते ८० अंशांवर बारा तास तरी द्या, पण आधी स्पूलचं प्लास्टिक तेवढी उष्णता सोसतं का ते बघा.

स्वयंपाकघरातला ओव्हन नकोच. त्याचं तापमान वर-खाली होत राहतं, आणि ज्यात आपण अन्न शिजवतो त्यात प्लास्टिक तापवू नये. गच्चीवरचं ऊनही नको, तिथे तापमान आपल्या हातात नसतं.

ड्रायरचं, म्हणजे फिलामेंट सुकवायच्या गरम पेटीचं, झाकण घट्ट लावून ठेवणं ही चूक मात्र अनेकांच्या लक्षातच येत नाही. निघालेली वाफ आतच कोंडते. हवेला वाट नसेल तर झाकणाला बोटभर फट ठेवा. ड्रायर नसेल तर प्रिंटरच्या तापवलेल्या बेडवर (ज्यावर वस्तू छापली जाते तो पाट) स्पूल आडवं ठेवून वर खोका पालथा घाला, खोक्याला वर एक छोटं भोक पाडा आणि निम्म्या वेळाने स्पूल उलटा.

सुकलं की नाही, हे अंदाजाने ठरवू नका. आधी आणि नंतर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा. एक किलोच्या स्पूलमधून दोन-तीन ग्रॅम कमी झाले, तर तेवढं पाणीच गेलं. वजन उतरायचं थांबेपर्यंत सुकवा.

सिलिका जेलच्या डब्यात टाकून ओलं फिलामेंट सुकेल, ही आशा सोडा. जेल कोरडं फिलामेंट कोरडं ठेवतं, आत मुरलेली ओल ते सहजी ओढून काढत नाही. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात सुकवलेलं स्पूल रात्रभर उघडं राहिलं, तर पापडासारखं सादळतं. नायलॉन तर थेट ड्रायरमधूनच प्रिंटरला लावा.