अमेरिकी विद्यापीठाच्या क्रीडाविभागाचा हिशेब कसा वाचावा

प्रवेश मिळाला, आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद) हातात आली, की घरात चर्चा होते ती ट्यूशनच्या आकड्याची. त्याखालच्या 'मँडेटरी फीज'ची फोड सहसा कुणी करून बघत नाही. अनेक सरकारी विद्यापीठांत तिच्यात 'अ‍ॅथलेटिक्स फी' असते. ही जिमची फी नव्हे. त्यासाठी 'रिक्रिएशन फी' वेगळी लागते. अ‍ॅथलेटिक्स फी जाते विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल, बास्केटबॉल वगैरे संघांकडे: प्रशिक्षकांच्या पगाराला, संघांच्या प्रवासाला, स्टेडियमच्या कर्जाच्या हप्त्याला. एकही सामना न बघणाऱ्या एमएसच्या विद्यार्थ्यालाही बऱ्याच ठिकाणी ती चुकत नाही. म्हणून पैसे भरण्याआधी एक संध्याकाळ या हिशेबाला द्या.

सुरुवात फीपासून करा. विद्यापीठाच्या 'बर्सर' किंवा 'स्टुडंट अकाउंट्स' विभागाच्या पानावर फीची फोड मिळते. आकडा दर सेमिस्टरचा आहे की दर क्रेडिटचा, हे आधी बघा. दर क्रेडिटचा असेल तर पदव्युत्तर विद्यार्थ्याने साधारण ९ ने आणि पदवीच्या विद्यार्थ्याने १२ ते १५ ने गुणावं, मग वर्षाच्या दोन सेमिस्टरसाठी दुप्पट करावं. काही विद्यापीठं ही फी 'जनरल फी' किंवा 'ऑक्झिलरी फी' अशा गोळाबेरीज नावाखाली घालतात. तसं असेल तर विश्वस्त मंडळाच्या अर्थसंकल्पाच्या कागदांत शोधा. सरकारी विद्यापीठाला ते जाहीर करावे लागतात. असिस्टंटशिप (विभागात शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल मिळणारी मदत) मिळालेल्यांची गफलत इथेच होते. 'ट्यूशन वेव्हर' म्हणजे ट्यूशन माफ. मँडेटरी फीज बहुतेकदा माफ नसतात. ऑफर लेटरमध्ये 'फीज' हा शब्द स्वतंत्रपणे आला आहे का ते पाहा. आला नसेल तर विभागाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

आता क्रीडाविभागाचे हिशेब. ते दोन ठिकाणी मिळतात. पहिलं ठिकाण अमेरिकेच्या शिक्षण खात्याचं. १९९४ च्या 'इक्विटी इन अ‍ॅथलेटिक्स' कायद्याखाली कॉलेजांना खेळांचा जमाखर्च दरवर्षी द्यावा लागतो. पण इथे जमा आणि खर्च कित्येकदा शेवटच्या डॉलरपर्यंत सारखे दिसतात आणि पालकांना वाटतं, खेळ आपला खर्च आपण भागवतात. प्रत्यक्षात विद्यापीठाने तूट भरण्यासाठी दिलेले पैसेही 'उत्पन्न' म्हणूनच धरलेले असतात.

म्हणून दुसरा कागद हवा: कॉलेजांच्या खेळांचं नियमन करणाऱ्या 'एनसीएए' या राष्ट्रीय संघटनेला दरवर्षी जाणारा आर्थिक अहवाल. त्यात उत्पन्नाची फोड असते. सरकारी विद्यापीठांचे हे आकडे 'नाइट-न्यूहाउस कॉलेज अ‍ॅथलेटिक्स डेटाबेस'मध्ये फुकट बघता येतात. खासगी विद्यापीठांवर हा अहवाल खुला करण्याचं बंधन नाही; त्यांच्यासाठी शिक्षण खात्याच्या आकड्यांवरच भागवावं लागतं.

अहवालात चार ओळी शोधा: स्टुडंट फीज, डायरेक्ट इन्स्टिट्यूशनल सपोर्ट, इनडायरेक्ट इन्स्टिट्यूशनल सपोर्ट आणि सरकारी मदत. यांची बेरीज करा. क्रीडाविभागाने विद्यापीठाला काही परत दिलं असेल तर ते वजा करा. उरलं ते अनुदान. समजा, एकूण उत्पन्न ४ कोटी डॉलर आणि अनुदान २ कोटी ८० लाख. म्हणजे ७० टक्के. विद्यार्थी २०,००० असतील तर डोक्यामागे वर्षाला १,४०० डॉलर. बड्या कॉन्फरन्समधल्या (आपसात सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटांतल्या) मोजक्या विद्यापीठांत हे प्रमाण शून्याजवळ असतं. मधल्या फळीत, टीव्हीचा पैसा कमी आणि हौस मोठी अशा ठिकाणी, ते निम्म्याच्या वर जातं. एकाच वर्षावर निष्कर्ष काढू नका, पाच वर्षांचे आकडे शेजारी मांडा.

खर्चाच्या बाजूला दोन ओळी पुरे. 'सेव्हरन्स' म्हणजे काढलेल्या प्रशिक्षकाला करार संपेपर्यंत द्यायचे पैसे. टेक्सास ए अँड एमने नोव्हेंबर २०२३ मध्ये फुटबॉल प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना काढलं, तेव्हा त्यांना द्यायची रक्कम साडेसात कोटी डॉलरहून अधिक होती. दुसरी ओळ 'डेट सर्व्हिस', म्हणजे कर्जफेड. संघ हरला, तिकिटं खपली नाहीत, तरी स्टेडियमचा हप्ता थांबत नाही; मग फी वाढते.

हा पैसा फुगला तो १९८४ पासून. त्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फुटबॉलच्या टीव्ही हक्कांवरची एनसीएएची मक्तेदारी मोडली आणि विद्यापीठं, कॉन्फरन्स स्वतः सौदे करू लागली. त्याच ओढीने २०२४ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरचं स्टॅनफर्ड 'अटलांटिक कोस्ट' कॉन्फरन्समध्ये गेलं. देश ओलांडून सामन्याला जाणाऱ्या मुलांचे तास बुडतात, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. जुलै २०२५ पासून खेळाडूंच्या मोबदल्यावरून एनसीएएविरुद्ध चाललेल्या 'हाउस' खटल्याच्या तडजोडीनुसार विद्यापीठ खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं. पहिल्या वर्षाची मर्यादा दर विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. ज्यांच्या घामावर हा डोलारा उभा राहिला त्यांना वाटा मिळणं रास्तच आहे. पण रक्कम कुठून येणार, हे विचाराच. फी वाढेल, किंवा टेनिस, जलतरण यांसारख्या न कमावणाऱ्या संघांवर कुऱ्हाड येईल. आपली मुलं तिकडे खेळायला जातात ती बहुधा याच खेळांत. त्यामुळे शिष्यवृत्ती स्वीकारण्याआधी प्रशिक्षकाला लेखी विचारा: संघ बंद झाला तर शिष्यवृत्ती पदवीपर्यंत चालेल का? एफ-१ व्हिसावर जाहिरातीचे किंवा वाट्याचे पैसे घेणं विनापरवाना काम ठरू शकतं, तेव्हा सही करण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला भेटा.

अभ्यासाची स्थिती पाहताना एनसीएएचा 'ग्रॅज्युएशन सक्सेस रेट' (पदवी पूर्ण करणाऱ्या खेळाडूंचं प्रमाण) एकटा धरू नका. बऱ्या गुणांनिशी दुसरीकडे गेलेले खेळाडू त्यात हिशेबाबाहेर ठेवतात, म्हणून तो सरकार मोजतं त्या पदवीदरापेक्षा चांगला दिसतो. दोन्ही शेजारी ठेवा. संघाच्या यादीत प्रत्येकाचा विषयही बघा. निम्मा संघ एकाच विषयात असेल तर कारण विचारा. नॉर्थ कॅरोलायनाच्या चॅपल हिल विद्यापीठात १८ वर्षं वर्गच न भरणारे अभ्यासक्रम चालले, ३,१०० हून अधिक विद्यार्थ्यांनी ते घेतले आणि त्यांत जवळपास निम्मे खेळाडू होते. २०१४ च्या चौकशी अहवालातले हे आकडे आहेत.

डेटाबेसमध्ये ताजं वर्ष नसेल तर माहिती मागवा. आपल्या माहिती अधिकारासारखे कायदे तिथल्या प्रत्येक राज्यात आहेत. विद्यापीठाच्या 'पब्लिक रेकॉर्ड्स' कार्यालयाला ईमेल करून एनसीएएला दिलेला वार्षिक आर्थिक अहवाल मागा आणि आर्थिक वर्ष नेमकं लिहा. बहुतेक ठिकाणी ते ३० जूनला संपतं. 'खेळांवरच्या खर्चाची सगळी माहिती' असं मोघम मागितलं तर शोधण्याचं शुल्क लावतात किंवा अर्ज रेंगाळतो. व्हर्जिनिया, टेनेसी अशा काही राज्यांत हा हक्क फक्त तिथल्या रहिवाशांना आहे. तिथे त्याच राज्यात राहणाऱ्या नातेवाइकाच्या किंवा आधी गेलेल्या विद्यार्थ्याच्या नावाने अर्ज करावा लागेल.